फोर्साइथ यांनी बॅले सोडला कधी?

पाश्चात्त्य नृत्यावर लिहिणाऱ्यांची एक लाडकी गोष्ट आहे. कोवळ्या वयात मूल बॅलेच्या शाळेत घातले जाते. भिंतीलगतचा लाकडी दांडा धरून ते वर्षानुवर्षे तीच पावले घोटते, शिस्तीखाली दबते, आणि मग एके दिवशी पॉइंट शूज फेकून देऊन अनवाणी मंचावर येते. नर्तकाचा नृत्यरचनाकार होतो, बॅलेचे समकालीन नृत्य होते, पिंजऱ्याचे दार उघडते.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगणारेही आहेत. त्यांच्या लेखी तो पिंजरा नव्हता, घर होते. पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले. बाहेर पडणाऱ्याने जाता जाता भिंती पाडल्या, आणि आता उरले आहेत ते भिरकावलेले हातपाय आणि कानठळ्या बसवणारे संगीत. एका गोटात टाळ्या आहेत, दुसऱ्यात सुतक आहे. गृहीतक मात्र दोघांचे एकच: बॅले ही कधीकाळी पुरी झालेली वस्तू आहे. तिच्यात राहायचे किंवा तिच्यातून निघायचे, तिसरी वाट नाही.

हे गृहीतक खोटे आहे. ते किती खोटे आहे हे पाहायचे, तर ज्यांच्या अंगावर हे दोन्ही कपडे सर्वाधिक वेळा चढवले गेले त्या विल्यम फोर्साइथ यांची कारकीर्द तारीखवार तपासावी. दोन्ही कपडे शिवणीपासून उसवतात.

पिंजऱ्यापासून सुरुवात करू. फोर्साइथ यांचा जन्म १९४९ चा, न्यूयॉर्कचा. पोरवयात त्यांना वेड होते रॉक अँड रोलचे. शाळेतल्या संगीतिकांसाठी ते नाच बसवत. बॅलेचे रीतसर शिक्षण त्यांनी सुरू केले ते फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल विद्यापीठात गेल्यावर, म्हणजे ज्या वयात बॅलेच्या शाळांमधली मुले व्यावसायिक मंडळींत दाखल होऊ लागतात त्या वयात. त्यांना कोणी हात धरून दांड्यापाशी उभे केले नव्हते. मोकळे, बेशिस्त, रस्त्यावरचे नाचणे ज्याला आधीपासून येत होते असा तरुण आपल्या पायांनी चालत बॅलेकडे गेला, कारण तिथे त्याला काहीतरी दिसले. पुढे न्यूयॉर्कला जॉफ्री बॅलेची शाळा, मग त्याच मंडळीत नर्तक. मुक्तीच्या गोष्टीतला नायक तुरुंगातून स्वातंत्र्याकडे जातो. या माणसाचा प्रवास नेमका उलट्या दिशेने सुरू झाला, आणि ही एवढी ठसठशीत गोष्ट चरित्रलेखांत एका वाक्यात उरकली जाते.

१९७३ साली ते जर्मनीतल्या श्टुटगार्ट बॅलेत आले. हे शहर का महत्त्वाचे, ते सांगायला हवे. नृत्यरचनाकार जॉन क्रँकोने ही मंडळी जगाच्या नकाशावर आणली होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतताना विमानात त्याचा मृत्यू झाला. श्टुटगार्टला नोव्हेर सोसायटी नावाची नृत्यप्रेमींची संस्था होती. मंडळीतल्या नर्तकांना स्वतःच्या रचना सादर करण्यासाठी ती मंच मिळवून देई. जॉन नॉयमायर आणि यिरी किलियान हेही याच श्टुटगार्टच्या मंडळीत नाचत नाचत रचनाकार झाले. संस्थेला ज्याचे नाव दिले, तो ज्याँ-जॉर्ज नोव्हेर अठराव्या शतकात याच शहरात, व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकच्या दरबारी बॅले बसवत असे. १७६० साली छापलेल्या पत्रांत त्याने त्या काळच्या बॅलेवर सडकून टीका केली होती: मुखवटे काढा, बोजड पोशाख काढा, नुसत्या कसरती थांबवा, नाचातून गोष्ट सांगा. म्हणजे बॅलेच्या रूढ रूपावर हल्ला करणारा माणूस बॅलेच्या परंपरेचाच थोर पूर्वज मानला जातो, आणि त्याच्या नावाच्या संस्थेत १९७६ साली फोर्साइथ यांची पहिली रचना झाली: माहलरच्या संगीतावरचे ‘उरलिश्ट’ हे युगुलनृत्य. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्याच वर्षी ते श्टुटगार्टचे निवासी नृत्यरचनाकार झाले.

२६ हा आकडा आणखी एका समजुतीसाठी लक्षात ठेवावा. पाय थकले, गुडघे गेले की नर्तक रचनेकडे वळतो, असे सर्रास मानले जाते. जणू नृत्यरचना म्हणजे नर्तकाचे निवृत्तिवेतन. फोर्साइथ, किलियान, नॉयमायर यांच्यापैकी कोणालाच ते लागू पडत नाही. तिघेही ऐन नाचत्या वयात रचना करू लागले.

आता घराच्या गोष्टीकडे. ज्या बॅलेच्या भिंती पाडल्या म्हणतात, तो बॅले कोणता? चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसला नृत्याची राजअकादमी स्थापन केली तेव्हा दरबारी पुरुष टाचांचे बूट घालून नाचत. पायांच्या पाच मूलस्थिती त्या काळात बांधल्या गेल्या, पण चवड्यांच्या टोकावर उभे राहणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ते कलामूल्य म्हणून प्रस्थापित झाले १८३२ मध्ये, मारी तालिओनी ‘ला सिल्फीद’मध्ये नाचली तेव्हा. ‘स्वान लेक’चे आज ज्ञात असलेले रूप पेतिपा आणि इव्हानोव्ह या नृत्यरचनाकारांनी सेंट पीटर्सबर्गला बसवले ते १८९५ साली, आणि त्यातल्या त्या सुप्रसिद्ध बत्तीस गिरक्या पिएरिना लेन्यानी ही इटालियन नर्तकी आपल्याबरोबर घेऊन आली होती. जे शुद्ध आणि सनातन म्हणून दाखवले जाते, त्यातला जवळजवळ प्रत्येक दागिना कधीतरी कोणीतरी बाहेरून आणून चढवलेला आहे. मराठी वाचकाला हे पटायला फार लांब जावे लागत नाही. मुंबईत सचिन शंकर यांच्या ‘बॅले युनिट’पासून ‘बॅले’ हा शब्द ज्या नृत्यनाट्यांसाठी वापरला गेला, त्यांत पॉइंट शूज नव्हते की पाच स्थिती नव्हत्या. तरी प्रेक्षकांनी त्यांना बिनदिक्कत बॅले म्हटले.

म्हणजे काहीही चालते का? मुळीच नाही, आणि फोर्साइथ यांच्या बाजूने बोलणारे इथेच घसरतात. बॅलेत एक व्याकरण आहे आणि ते कठोर आहे. प्रश्न एवढाच, की ते व्याकरण ठरावीक वाक्ये पाठ करण्यासाठी आहे की नवी वाक्ये रचण्यासाठी.

१९८७ चा मे महिना. पॅरिस ऑपेराचा नृत्यसंचालक होता रुडॉल्फ नुरेयेव्ह, स्वतः अभिजात बॅलेचा जिवंत ध्वज. त्याने फोर्साइथ यांना ऑपेराच्या पाले गार्निए या नाट्यगृहासाठी नवी रचना करायला बोलावले. ‘इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड’ हे तिचे नाव. मोकळा मंच, थॉम विलेम्स यांचे घणाचे घाव पडावेत तसे इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि मंचाच्या मधोमध, जरा वर, टांगलेल्या दोन सोनेरी चेरी; नाव त्यांच्या जागेवरूनच पडले. नऊ नर्तक. त्यांत सिल्वी गिलेम, इझाबेल गेरां, लोराँ इलेर, मान्युएल लग्री असे नुरेयेव्हने घडवलेले तरुण.

या रचनेची ख्याती झाली ती तिच्या आक्रमकतेमुळे. पाय कानाला लागतात, जोडीदार एकमेकांना तोल सुटेपर्यंत ओढतात, नर्तक नाचता नाचता मध्येच साधी चाल चालत बाजूला जाऊन उभे राहतात आणि दुसऱ्यांना न्याहाळतात. हे सगळे खरे. पण त्याखाली काय आहे ते पाहणाऱ्याच्या डोळ्याला दिसायला हवे. रचनेचा आराखडा आहे मूळ कल्पना आणि तिची रूपांतरे, म्हणजे पेतिपाच्या काळापासून चालत आलेली बांधणी. आणि मूळ कल्पना कोणती, तर ‘तांद्यू’: पाय जमिनीवरून सरकवत ताणून पुढे, बाजूला किंवा मागे नेणे. बॅलेच्या वर्गात पहिल्या काही मिनिटांत करायचा व्यायाम. दहा वर्षांची मुलगी आणि पॅरिसची प्रमुख नर्तकी रोज सकाळी जो करतात तो. ख्यालगायकाने दोन ओळींची बंदिश घ्यावी आणि तासभर तिच्या प्रत्येक स्वराची बढत करावी, तशी ही बढत आहे. बंदिश सुटलेली नाही. उलट, ती इतकी सर्वत्र पसरली आहे की वरवर ऐकणाऱ्याला ती हरवल्यासारखी वाटते.

इथे एका फ्रेंच शब्दापाशी थांबावे लागेल: एपोलमां. एपोल म्हणजे खांदा. बॅलेत पाय एका दिशेला, कंबर दुसऱ्या, खांदे तिसऱ्या आणि मान चौथ्या दिशेला वळते. शरीर आतल्या आत पिळले जाते आणि त्या पिळामुळेच समोर उभ्या माणसाला खोली येते. तो नसेल तर सर्वांत उंच पाय उचलणारी नर्तकीही चौकटीत चिकटवलेल्या चित्रासारखी सपाट दिसते. फोर्साइथ यांनी हा पीळच बॅलेचा गाभा मानला. जुन्या रचनांत तो खांदे आणि मानेपुरता, सभ्य मर्यादेत असे. त्यांनी तो सबंध देहातून नेला: घोट्यापासून नितंबापर्यंत, बरगड्यांपासून मनगटापर्यंत, आणि पिळाचे टोक गाठल्यावर शरीर ज्या दिशेला सुटेल त्या दिशेला ते जाऊ दिले. त्यांच्या नर्तकांचे शरीर मोडल्यासारखे दिसते असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांचे खांदे पाहावेत. ज्या गोष्टीकडे बॅलेच्या कित्येक राखणदारांचे दुर्लक्ष झाले होते, तीच तिथे सर्वांत निष्ठेने सांभाळलेली आढळते.

तीन वर्षे आधी, १९८४ मध्ये, ते फ्रँकफुर्ट बॅलेचे संचालक झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी ‘आर्टिफॅक्ट’ बसवले. त्याच्या दुसऱ्या भागात बाखची व्हायोलिनची शाकोन वाजत असते, समूह रांगांमध्ये उभा राहून हातांच्या खुणा करत असतो, मध्ये दोन जोड्या नाचत असतात, आणि अचानक पडदा धाडकन खाली येतो. संगीत चालूच राहते. पडदा वर जातो तेव्हा सगळे वेगळ्याच मांडणीत उभे असतात. पुन्हा पडदा. पुन्हा वेगळे चित्र. प्रेक्षकाला कळते की आपण पाहत नव्हतो तेव्हाही नृत्य घडत होते. याला पोरकट खोडी म्हणणाऱ्यांनी त्या रांगांकडे नीट पाहिलेले नाही. त्या रांगा पेतिपाच्या ‘ला बायादेर’मधल्या छायांच्या समूहाच्या थेट वंशातल्या आहेत. समूहाला केवळ शोभेची भिंत न मानता रचनेचा कणा मानणे हे पेतिपाचे शिक्षण, आणि फोर्साइथ यांनी ते पूर्ण आदराने गिरवले.

त्यांच्यावरचा दुसरा आरोप बौद्धिकपणाचा. त्यांनी तत्त्वज्ञांची पुस्तके वाचली, वास्तुरचनाकार डॅनिएल लिबेस्किंड यांच्या रेखाटनांतून ‘लिंब्ज थिअरम’ला चालना घेतली, म्हणून त्यांचे नृत्य डोक्याचे, देहाचे नाही, असे म्हणतात. हा आरोप करणाऱ्यांनी त्यांची सीडी-रॉम पाहावी. १९९४ च्या सुमारास फ्रँकफुर्टमध्ये नव्याने येणाऱ्या नर्तकांना शिकवण्यासाठी ती तयार होऊ लागली आणि १९९९ मध्ये कार्ल्सरूहच्या कला-माध्यम केंद्राने ‘इम्प्रोव्हायझेशन टेक्नॉलॉजीज’ नावाने प्रसिद्ध केली. साठेक छोट्या चित्रफितींत फोर्साइथ स्वतः साध्या कपड्यांत उभे राहून दाखवतात: हवेत एक बिंदू कल्पा, दुसरा कल्पा, त्यांमध्ये रेषा ओढा, आता ती रेषा कोपराने पुसा, तिच्याखालून वाका, तिला खांद्याने टाळा. पडद्यावर पांढऱ्या रेषा उमटतात आणि त्यांच्या देहाभोवती फिरतात. कोणत्याही बॅलेशिक्षकाला यातले बहुतेक सारे ओळखीचे वाटेल, कारण बॅले म्हणजे मुळात अवकाशात काढलेल्या रेषा आणि कमानीच. नृत्यसिद्धांतकार रुडॉल्फ लाबानने देहाभोवती एक काल्पनिक गोल मानला होता, ज्याचे केंद्र धडाच्या मध्यात. फोर्साइथ यांनी विचारले, केंद्र एकच का? ते कोपरात असले तर? टाचेत असले तर? कानामागे असले तर? हा प्रश्न खुर्चीत बसून सुचत नाही. ज्याने हजारो वेळा हात गोल करून डोक्यावर नेला आहे, त्यालाच त्या गोलाचे केंद्र दुसरीकडे हलवण्याची तहान लागते.

बुद्धी आणि देह यांची फारकत करणाऱ्यांसाठी ‘वन फ्लॅट थिंग, रीप्रोड्यूस्ड’ हे आणखी एक उत्तर. २००० साली फ्रँकफुर्टच्या जुन्या ट्राम डेपोत, बोकेनहायमर डेपो या नाट्यगृहात, ते प्रथम झाले. नर्तक वीस लोखंडी टेबले फरफटत पुढे आणतात, आणि त्या टेबलांवर, खाली, मधल्या अरुंद फटींत जो कल्लोळ चालतो तो पहिल्यांदा पाहताना निव्वळ अराजक वाटते. पुढे ओहायो राज्य विद्यापीठाबरोबर या रचनेचा पदर न्‌ पदर उकलून २००९ मध्ये ‘सिंक्रोनस ऑब्जेक्ट्स’ हा प्रकल्प मांडला गेला. त्यात दिसले की सतरा नर्तक एकमेकांना दोनशेहून अधिक इशारे देत-घेत असतात. एकाचा हात उठल्याशिवाय दुसऱ्याचे पाऊल पडत नाही. अराजक नव्हतेच. बाखच्या फ्यूगमधल्या आवाजांसारखी ही गुंफण होती आणि ती सतरा माणसे एकमेकांकडे कान आणि डोळे लावून दर प्रयोगात नव्याने विणत होती. समूहाने एका श्वासात हलणे हे बॅलेने शतकानुशतके जोपासलेले मूल्य. इथे ते एकसारखेपणाच्या पलीकडे नेलेले आहे.

सुतक धरणाऱ्यांमध्ये सर्वांत गंभीर आवाज जेनिफर होमन्स यांचा. त्या स्वतः व्यावसायिक नर्तकी होत्या, नंतर इतिहासकार झाल्या, आणि २०१० साली आलेला त्यांचा ‘अपोलोज एंजल्स’ हा बॅलेचा इतिहास अभ्यासाने आणि प्रेमाने लिहिलेला ग्रंथ आहे. त्याच्या अखेरीस त्या जड मनाने नोंदवतात की बॅले मरत चालला आहे. जॉर्ज बालन्शिनसारखे गुरू गेले आणि त्यांच्यामागे पोकळी उरली. निद्रिस्त राजकन्या कधीतरी जागी होईल, एवढीच आशा त्या ठेवतात. हे मत झटकून टाकण्याजोगे नाही. बालन्शिन १९८३ मध्ये गेला हे खरे, त्यानंतर बॅलेच्या नावाने बरेच पोकळ काम झाले हेही खरे. पण बालन्शिनचा वारसा म्हणजे त्याच्या नर्तकांच्या नर्तकांनी त्याच्या रचना जशाच्या तशा जपणे एवढाच आहे का? बालन्शिनने १९५७ च्या ‘अ‍ॅगॉन’मध्ये जे केले, म्हणजे बॅलेचा वेग वाढवला, नितंब पुढे आणले, तोल धोक्यात घातला, पोशाख सरावाच्या कपड्यांपर्यंत उतरवला, तेच पाऊल पुढे टाकणारा माणूस त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षी फ्रँकफुर्टमध्ये ‘आर्टिफॅक्ट’ बसवत होता. फोर्साइथ यांनी बालन्शिनचे ऋण कधी लपवले नाही. आणि १९९२ साली खुद्द बालन्शिनच्या न्यूयॉर्क सिटी बॅलेने त्यांच्याकडून ‘हर्मन श्मेरमन’ करून घेतले. २००४ मध्ये पेतिपाचे घर असलेल्या सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्कीने सबंध संध्याकाळ त्यांच्या रचनांना दिली. राजकन्या झोपली आहे असे ज्यांना वाटले त्यांनी मुख्यतः जुन्या राजवाड्याच्या दाराशी कान लावला होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती न मानता केलेला बचाव अर्धवट ठरेल. फोर्साइथ यांच्या यशाने नक्कलकारांची रांग लागली. गेल्या तीसेक वर्षांत जगभरच्या बॅले मंडळींच्या कार्यक्रमांत एक ठरावीक तुकडा दिसू लागला: अंधुक प्रकाश, कर्कश संगीत, पुरुष नर्तकीला पाय फाकवत इकडून तिकडे फेकतो, दोघांच्या चेहऱ्यावर रागीट कोरेपणा. त्यात पीळ नाही, रचना नाही, नुसता ताण आहे. स्त्रीदेहाला अवजारासारखे हाताळण्याचा जो आक्षेप स्त्री समीक्षकांनी अशा नृत्यावर घेतला, तो या नकलांना पुरता लागू आहे. पण मूळ ‘इन द मिडल’मध्ये गिलेम ओढली जात नव्हती, ती ओढत होती. तोल सोडायचा की नाही आणि कधी, हे ती ठरवत होती, जोडीदार तिच्या निर्णयाला उत्तर देत होता. सुरांना भरकटू देणे आणि सुरात राहून दूर जाणे यांतला फरक ज्यांच्या कानांना कळतो, त्यांच्या डोळ्यांनाही हा फरक कळायला हवा. नकलेच्या पापाचे खापर मूळ रचनाकारावर फोडले, तर कोणतीही थोर परंपरा उरणार नाही.

आता ‘परतला’ या शब्दाबद्दल. २०१६ च्या जुलैत पॅरिस ऑपेरात ‘ब्लेक वर्क्स १’ झाले. जेम्स ब्लेक यांची सात गाणी, निळ्या पोशाखातला मोठा समूह, पॉइंट शूज, स्वच्छ, उजळ, प्रसन्न बॅले. लगेच बातम्या झाल्या की बंडखोर घरी परतला. परतायला आधी जावे लागते. १९९१ मध्ये ‘द लॉस ऑफ स्मॉल डिटेल’ आणि १९९५ मध्ये ‘आयडॉस: टेलॉस’ या बॅलेपासून दूर वाटणाऱ्या रचना करणाऱ्या त्याच माणसाने १९९६ मध्ये ‘द व्हर्टिजिनस थ्रिल ऑफ एग्झॅक्टिट्यूड’ केले: शूबर्टच्या सिम्फनीचा शेवटचा भाग, पाच नर्तक, ताटासारखे सपाट हिरवे टुटू, आणि अंगाचा थरकाप व्हावा इतक्या वेगाने आणि काटेकोरपणे नाचलेला शुद्ध अभिजात बॅले. आज बॅले, उद्या प्रयोग, परवा पुन्हा बॅले. किंबहुना दोन्ही एकाच दिवशी, एकाच मंडळीत, त्याच नर्तकांच्या देहांवर.

२००५ ते २०१५ या दहा वर्षांत मात्र पॉइंट शूज खरोखर बाजूला राहिले, आणि त्या दशकाकडे बोट दाखवून बॅलेत्यागाचा पुरावा दिला जातो. त्या दशकाचा उगम विसरला जातो. २००२ साली फ्रँकफुर्ट महापालिकेने खर्चकपातीच्या नावाखाली बॅले मंडळीचे भवितव्य अडचणीत आणले. जगभरातून निषेधाची पत्रे आली, तरी २००४ मध्ये ती मंडळी बंद झाली. फोर्साइथ यांनी ड्रेस्डेन आणि फ्रँकफुर्ट ही शहरे, दोन राज्य सरकारे आणि खासगी देणगीदार यांच्या पाठबळावर छोटी ‘फोर्साइथ कंपनी’ उभी केली. अठरा-एक नर्तकांची मंडळी ‘आर्टिफॅक्ट’चा समूह उभा करू शकत नाही. तिच्यासाठी वेगळ्या, जवळून पाहायच्या, आवाज आणि शब्द वापरणाऱ्या रचना झाल्या. तो काळ समृद्ध होता. पण त्याला केवळ सौंदर्यशास्त्रीय घटस्फोट म्हणणे म्हणजे महापालिकेच्या हिशेबवहीतली नोंद कलावंताच्या मनावर लिहिणे होय. त्याच दहा वर्षांत त्यांचे बॅले युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या मंडळी नाचतच होत्या.

वारसा पाहायचा तर क्रिस्टल पाइट यांच्याकडे पाहावे. कॅनडाच्या या नर्तकी १९८८ पासून बॅले ब्रिटिश कोलंबियात नाचल्या, १९९६ मध्ये फ्रँकफुर्टला फोर्साइथ यांच्या मंडळीत आल्या, आणि २००२ मध्ये त्यांनी स्वतःची ‘किड पिव्हॉट’ काढली. त्यांच्याबद्दलही तीच पिंजरा सोडल्याची गोष्ट सांगतात. पण २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेने त्यांच्याकडून ‘फ्लाइट पॅटर्न’ करून घेतले तेव्हा त्यांनी निर्वासितांचे दुःख सांगण्यासाठी काय निवडले? छत्तीस नर्तकांचा समूह. गोरेत्स्कीच्या सिम्फनीवर एका लाटेसारखा हलणारा, खांद्याला खांदा लावून रांगेत थांबलेला, एकाच वेळी मान झुकवणारा. हंसिणींच्या रांगांनी जे शिकवले ते कोट घातलेल्या, बोचकी उचललेल्या माणसांच्या रांगेत उतरले होते. रॉयल बॅलेच्या मुख्य मंचावर अठरा वर्षांत पहिल्यांदा एका स्त्रीची नवी रचना होत होती. बॅलेच्या राखणदारांना खरोखर काही वाचवायचे असेल, तर या अठरा वर्षांचा जाब त्यांनी संस्थांना विचारावा. बॅलेची जी उपासमार झाली ती तिथे झाली.

फोर्साइथ यांना २०२४ चा क्योटो पुरस्कार मिळाला, आधी २०१० मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह. सन्मानांनी वाद मिटत नाहीत, म्हणून त्यांचा आधार इथे घ्यायचा नाही. आधार घ्यायचा आहे तो २०१८ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्सने केलेल्या ‘अ क्वाएट ईव्हनिंग ऑफ डान्स’चा. पहिल्या भागात जवळजवळ नि:शब्दता. नर्तकांचे श्वास, पक्ष्यांचा किलबिलाट. दुसऱ्या भागात रामोचे दरबारी संगीत, आणि त्यावर बॅले शिकलेल्या नर्तकांबरोबर रऊफ ‘रबरलेग्ज’ यासित हा ब्रेकडान्सर. त्याचे गाठी मारणारे पाय आणि शेजारच्या नर्तकाचे अठराव्या शतकातले सलाम एकाच सुरावटीवर भेटतात, आणि कोणी कोणाची टर उडवत नाही. ज्या दरबारात बॅलेला पाच स्थिती मिळाल्या त्या दरबाराच्या परंपरेतले संगीत आणि ब्रेकडान्स यांत या माणसाला एकच गोष्ट दिसते: शरीराने ठरवून घेतलेला पीळ. रॉक अँड रोलवर नाचणाऱ्या पोराने कॉलेजात जाऊन बॅलेत जे पाहिले असेल ते बहुधा हेच.

आणि मग २०२१. महामारीत नाट्यगृहे बंद होती. न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या टायलर पेक आणि तीन पुरुष नर्तक यांच्यासाठी फोर्साइथ यांनी दूरच्या खोलीतून, पडद्यावरून तालमी घेत ‘द बार प्रोजेक्ट’ रचला. संगीत पुन्हा जेम्स ब्लेक यांचे. विषय काय, तर भिंतीलगतचा तो दांडा. घरात कोंडलेले नर्तक स्वयंपाकघरातल्या ओट्याला, खुर्चीच्या पाठीला, कपाटाच्या कडेला धरून रोजची पावले घोटत होते, आणि सत्तरी ओलांडलेला हा रचनाकार त्यांना सांगत होता की या दांड्यापाशी अजून किती करायचे बाकी आहे. पेक दांडा धरून फिरते, सोडते, वेगाने निघते, पुन्हा त्याला हात लावते. मधल्या एका भागात पडद्यावर ना चेहरे असतात ना पाय. असतात फक्त हात, दांड्यावर टेकलेले, सरकणारे, एकमेकांना ओलांडून पुन्हा दांडा धरणारे.